बीड, नटबोल्ट आणि नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

समजा, तुम्ही ठाण्यात राहता आणि शहापूर-मुरबाडकडं तुमचं एक जुनं घर आहे. तिथल्या अडगळीत लाकडावर पेटणारी बिडाची शेगडी सापडते. चार पाय, एक दार, वरची जाड पाटी, मागं धुराड्याचं तोंड. ती साफ करून पुन्हा जोडायची म्हणून तुम्ही पाना घेऊन बसता. पहिला नट हलतच नाही. थोडा जोर लावला की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. आणखी जोर लावला तर बोल्ट तसाच राहतो आणि ज्या कानाला तो बसवलेला असतो तो कानच कडकन तुटतो. मग उरलेला एक शाबूत बोल्ट खिशात घालून तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात जाता. दुकानदार नजरेनं माप घेतो, दहा मिलिमीटरचा नट देतो, तो दोन-चार फेरे फिरतो आणि अडकतो.

का अडकतो? कान का तुटला, बोल्ट का नाही? आणि नवा बोल्ट निवडायचा कसा?

या प्रश्नांची उत्तरं कारखानदारीच्या पुस्तकात मिळतीलच. पण मराठी मुलखात हाच प्रश्न एका माणसापुढं सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, फक्त शेगडीच्या जागी नांगर होता. त्याचं उत्तर शोधण्यात त्यानं आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्याला पंपामुळं, इंजिनामुळं, नाहीतर किर्लोस्करवाडीच्या रेल्वे स्टेशनामुळं माहीत असतं. आज त्यांच्याकडं जरा वेगळ्या बाजूनं पाहू.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्या काळात किर्लोस्कर म्हटलं की लोकांना नाटक आठवायचं, कारण संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत. मुलाचं मन शाळेत रमत नव्हतं. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रं आणि यंत्रं. वडिलांच्या मनात नव्हतं, पण थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि त्यांच्या पैशावर लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं दोनेक वर्षांनी घात झाला. काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत, हे लक्षात आलं. रंगकाम संपलं. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता?

पण एक चित्रकला अशी होती की तिला रंग लागत नव्हते. यंत्राचं रेखाचित्र. काळ्या रेषा, मापं, छेद. लक्ष्मणराव तिकडं वळले आणि त्यात इतके तयार झाले की मुंबईत नव्यानं निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. संस्था तेव्हा माटुंग्याला नव्हती, भायखळ्याला होती.

माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे. चित्रकार वस्तू दिसते तशी काढतो. यंत्राचं रेखाचित्र काढणाऱ्याला ती उघडी करून बघावी लागते. कुठला भाग कुठल्या भागावर बसतो, भोक किती, त्यातून जाणारा बोल्ट किती, दोघांमध्ये फट किती सोडायची, नट फिरवायला पान्याला जागा आहे का. वर्षानुवर्षं हेच शिकवलेल्या माणसाला कुठलीही वस्तू अखंड दिसतच नाही. ती सुट्या भागांची जुळणी म्हणूनच दिसते.

नोकरीत मात्र एका बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला वर घेतलं गेलं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

सायकलचं दुकान

बेळगावात रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा आधीच सुरू झालेला होता. किर्लोस्कर बंधू या नावाची सुरुवात १८८८ ची धरली जाते. मुंबईत सायकल घ्यायची, बेळगावला पाठवायची आणि तिथं विकायची. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे, म्हणून शिकवायचीही. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

सायकल ही तेव्हा चैनीची चीज. पण ज्याला शिकायचं आहे त्याच्यासाठी ती चांगली शाळा होती. सगळी सायकल नटबोल्टांवर आणि आट्यांवर उभी असते. तिचे आटे बारीक असतात. पुढं सायकलसाठी ठरलेलं प्रमाण म्हणजे एका इंचात २६ आटे. बारीक आटा घट्ट बसतो आणि रस्त्याच्या खडखडाटात सहज सुटत नाही. पण माती आणि गंज लागला की तोच आटा जाम होतो. नांगराला किंवा शेगडीला सायकलचा बोल्ट चालत नाही तो यामुळं. तिथं जाड, मोकळे आटे लागतात.

लोखंडानं जमीन नासते का?

दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना उभा राहिला. पहिली वस्तू होती कडबा कापायचं यंत्र. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

तो विकला जाईना. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडामुळं जमिनीत विष कालवलं जातं आणि ती पिकेनाशी होते. लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना हा किस्सा हमखास येतो आणि तो ऐकून आपण हसतो. अडाणी शेतकरी आणि दूरदृष्टीचा उद्योजक, असं चित्र आपोआप तयार होतं.

मला ते चित्र अपुरं वाटतं. कारण हीच अफवा अमेरिकेतही होती. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डनं १७९७ मध्ये बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथले शेतकरीही म्हणत होते की लोखंड जमीन नासवतं आणि तण वाढवतं. दोन खंडांतल्या, एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांच्या अंतरानं एकच शंका काढली असेल, तर तिच्या पोटात काहीतरी खरं असलं पाहिजे.

ते खरं काय, हे न्यूबोल्डच्या नांगराकडं पाहिल्यावर कळतं. तो जवळजवळ अखंड ओतलेला होता. एका दगडावर आपटून टोक मोडलं की अख्खा नांगर भंगारात.

आता आपल्याकडचा लाकडी नांगर आठवा. तो गावच्या सुतारानं घडवलेला, फाळ लोहारानं ठोकलेला. दोघंही बलुतेदार. नांगर मोडला तर दुरुस्ती गावातच, पैसे न मोजता, वर्षाच्या धान्याच्या हिशोबात. पेरणीच्या आधी जमीन तयार करायचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत नांगर चार दिवस पडून राहिला तर हंगाम हुकू शकतो. बेळगावच्या कारखान्यातून आलेला बिडाचा नांगर मोडला तर तो कोण नीट करणार? सुतार करू शकत नाही, कारण त्यात लाकूड नाही. लोहारही करू शकत नाही. शेतकऱ्याला भीती वाटत होती ती याची, आणि जमिनीत विष भिनतं हे त्या भीतीचं बोलून दाखवण्याजोगं रूप असावं, असं मला वाटतं.

लोहार का करू शकत नाही, हे समजण्यासाठी बीड म्हणजे काय ते पाहायला हवं.

बीड वाकत नाही

लोखंडात कार्बन किती, यावर त्याचा स्वभाव ठरतो. पोलादात तो दोन टक्क्यांच्या आत, रोजच्या मऊ पोलादात तर पाव टक्क्याच्या आसपास. बिडात साधारण अडीच ते चार टक्के. जास्त कार्बनमुळं बीड सुमारे १२०० अंश सेल्सिअसलाच पातळ होतं, म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतायला सोपं. हव्या त्या वेड्यावाकड्या आकाराची वस्तू एका ओतीत मिळते. शेगडीवरची वेलबुट्टी त्यामुळंच स्वस्तात होते.

किंमत दुसरीकडं मोजावी लागते. या कार्बनचा बराचसा भाग ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला असतो, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक बारीक चीर. बिडावर दाब दिला तर ते दगडासारखं सहन करतं. ताणलं, वाकवलं किंवा घाव घातला तर एकदम तडकतं. लोहाराच्या ऐरणीवर त्याचा उपयोग नाही, कारण ठोकून त्याला आकार देता येत नाही. साध्या पद्धतीनं सांधताही येत नाही.

म्हणून बिडाच्या वस्तूचं एकच शहाणपणाचं रूप उरतं. ती तुकड्यांत ओतायची आणि तुकडे बोल्टांनी जोडायचे. जो तुकडा झिजेल किंवा तुटेल तेवढाच बदलायचा. अमेरिकेत जेथ्रो वुडनं १८१९ मध्ये सुट्या, बदलता येणाऱ्या भागांच्या नांगराचं पेटंट घेतलं आणि बिडाचा नांगर तिथं रुजू लागला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम १८०८ मध्येच त्या वाटेवर होता. लक्ष्मणरावांच्या वेळेपर्यंत परदेशी नांगर याच धर्तीवर बनत आणि आपल्याकडं विकायला येत. फाळ वेगळा, माती पलटणारा पंख वेगळा, हे सगळं पेलणारा सांगाडा वेगळा, रुमणं वेगळं.

या जुळणीत बोल्टचं काम दिसतं त्याहून अवघड असतं. फाळाला बसणाऱ्या बोल्टचं डोकं वर आलेलं चालत नाही. माती त्यावर अडते, नांगर जड जातो आणि डोकं घासून जातं. म्हणून नांगराच्या बोल्टचं डोकं सपाट असतं आणि फाळाच्या खोलगट भोकात बुडून बसतं. पण बुडालेलं डोकं पान्यानं धरणार कसं? त्यासाठी डोक्याखालची मान चौकोनी करतात आणि भोकही चौकोनी ठेवतात. मान भोकात बसली की बोल्ट फिरत नाही. मागून एका हातानं नट आवळता येतो. शेताच्या बांधावर, एकच पाना हाताशी असलेला माणूस फाळ बदलू शकतो.

अशा नांगराला सुतार-लोहाराची गरज उरली नाही. बैल सोडून सावलीत बसल्या बसल्या शेतकरी स्वतःच तो दुरुस्त करू शकत होता. आणि देशावरच्या काळ्या जमिनीत हरळी-कुंदा उपटायचा तर खोल जाणारा लोखंडी नांगरच हवा, हे ज्यांनी वापरला त्यांना दिसत होतं. नांगर खपू लागले.

नट दुसऱ्या गावात मिळेल का?

इथं एक गोष्ट आपण गृहीत धरतो. बोल्ट हरवला तर बाजारात दुसरा मिळतो. ही सोय निसर्गानं दिलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच असं नव्हतं. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थनं वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली, त्यांतून मध्यम वाट काढली आणि १८४१ मध्ये एक पद्धत मांडली. आट्याचा कोन सगळीकडं ५५ अंश. आणि प्रत्येक जाडीसाठी एका इंचात किती आटे, तेही ठरलेलं. अर्ध्या इंचाला १२, तीन अष्टमांश इंचाला १६, पाव इंचाला २०. इंग्रजी रेल्वे कंपन्यांनी ही पद्धत उचलली आणि इंग्रजी यंत्रं जिथं गेली तिथं ती गेली. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानही आलाच.

शेगडीचा नट का अडकला, त्याचं उत्तर इथं आहे. शेगडी जुनी असेल तर तिचा बोल्ट बहुधा तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. दुकानदारानं दिलेला नट दहा मिलिमीटरचा. नजरेला दोन्ही सारखेच. पण जुन्या बोल्टचे दोन आटे १.५९ मिलिमीटरवर आहेत आणि नव्या नटाचे १.५ वर. पहिल्या फेऱ्यात फरक जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत तो साठत जातो आणि नट घट्ट होतो. अशा वेळी पाना लावून पुढं रेटला तर दोन्हींचे आटे जातात.

माळरानावरची वाडी

नांगराचं बस्तान बसत होतं तोच बेळगाव सोडायची वेळ आली. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. भट्टी, यंत्रं, कारागीर आणि त्यांची बिऱ्हाडं घेऊन जायचं कुठं?

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. हे संस्थानिक स्वतः चित्रकार होते, आणि रंग ओळखता न आल्यामुळं चित्रकला सोडलेल्या माणसाला त्यांनी हात द्यावा, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो. त्यांनी कर्जाची व्यवस्था केली आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगानं भरलेलं माळरान. पाणी नाही, सावली नाही, साप भरपूर. पण रेल्वे दाराशी होती. ज्याला परगावाहून कच्चं बीड आणि कोळसा आणायचा आहे आणि जड नांगर गावोगाव पाठवायचे आहेत, त्याच्यासाठी तीच खरी इस्टेट.

१० मार्च १९१० ला तिथं वस्ती सुरू झाली. राधाबाई आणि लक्ष्मणराव, रामूअण्णांचं कुटुंब, शंभूअण्णा जांभेकरांसारखे सहकारी आणि मूठभर कारागीर. पुढं त्या वस्तीची किर्लोस्करवाडी झाली आणि स्टेशनचं नावही बदललं. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीचे रखवालदार नेमलं, आणि वाडीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक ठेवला. या दोन गोष्टींवर स्वतंत्र लेख होऊ शकतो, इथं नुसता उल्लेख.

कारखाना माळावर असल्याचा एक परिणाम मात्र आपल्या विषयाशी जोडलेला आहे. मुंबईत किंवा बेळगावात एखादा बोल्ट कमी पडला तर बाजारात माणूस पाठवता येतो. कुंडलच्या माळावर बाजार नव्हता. जे लागेल ते आधी ठरवून मागवायचं किंवा स्वतः करायचं. जुळणीला बसलेल्या माणसाच्या हाताशी तयार भाग आणि नेमके बोल्ट नसले की नांगर अपुरा पडून राहणार आणि गाडी निघून जाणार. त्यासाठी ओतीव भागाची भोकं प्रत्येक वेळी त्याच जागी यायला हवीत, म्हणजे कुठलाही पंख कुठल्याही सांगाड्यावर बसेल. भायखळ्याच्या वर्गातलं रेखाचित्र इथं कामाला येत होतं.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. परदेशी नांगर यायचे थांबले आणि किर्लोस्करांच्या नांगरांना एकदम मागणी आली. पण त्याच युद्धामुळं कच्चं बीड आणि कोळसाही मिळेना. मागणी आहे, माणसं आहेत, साचे आहेत, भट्टीत घालायला लोखंड नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वाट काढली. पन्हाळ्यावर जुन्या, निकामी झालेल्या तोफा पडून होत्या. त्या त्यांनी वितळवायला दिल्या. बिडाची वस्तू मोडली तरी तिचं बीड वाया जात नाही. भट्टीत गेलं की पुन्हा पातळ होतं. तोफ फाळाच्या साच्यात उतरली. आपल्या शेगडीचा तुटलेला कानही भंगारवाल्यामार्फत शेवटी कुठल्यातरी ओतशाळेतच जाणार असतो.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, मग पंप आले. पुतणे शंकरराव यांनी त्याच वर्षी किर्लोस्कर खबर काढलं. तेच पुढं घरोघरी वाचलं जाणारं किर्लोस्कर मासिक झालं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून १९२६ मध्ये परतले आणि कारखान्याची सूत्रं हळूहळू त्यांच्याकडं गेली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथं लेथ बनू लागले. पुढं १९६२ मध्ये ठाण्यात वागळे इस्टेट सुरू झाली आणि लहान लहान गाळ्यांतून लेथ फिरू लागले. आजही जुना इंची बोल्ट कुठंच मिळाला नाही तर ठाणेकराला शेवटी अशाच एखाद्या गाळ्यात जाऊन तो कापून घ्यावा लागतो.

शेगडीला कोणता बोल्ट?

नांगर आणि शेगडी दोन्ही बिडाची, दोन्ही बोल्टांवर उभी. पण शेगडीला एक जादा शत्रू आहे, उष्णता. अर्ध्या मीटरची बिडाची पाटी ३०० अंशांनी तापली तर ती दीड मिलिमीटरहून अधिक वाढते. बोल्ट भोकात गच्च बसला असेल आणि नट जीव खाऊन आवळला असेल तर पाटीला वाढायला जागा राहत नाही आणि ती तडकते. म्हणून शेगडीची भोकं बोल्टपेक्षा मोठीच असतात. ती चूक समजून जाड बोल्ट घालू नका. खाली रुंद वायसर द्या, म्हणजे जोर एका बिंदूवर येणार नाही, आणि नट बसला की आणखी पाव फेरा, बस्स.

दुकानात गेल्यावर मजबूत बोल्ट मागायचा मोह होतो. डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट साध्यापेक्षा बराच बळकट असतो, आणि इथं नेमका तोच नको. सांध्यावर जास्त ताण आला तर काहीतरी तुटणारच. दहा-वीस रुपयांचा मऊ बोल्ट तुटला तर दुसरा घालता येतो. कान तुटला तर पाटी गेली. साधा मऊ पोलादाचा, काळा बोल्ट घ्या. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट आगीच्या जवळ लावू नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फार तापलं तर त्याचा धूर बाधतो. नट पितळी मिळाला तर उत्तम, कारण पितळ पोलादी बोल्टला गंजून चिकटत नाही. नाहीतर आट्यांना ग्राफाइटचं ग्रीस लावा. बिडातच आटे पाडायचा विचार करू नका, ते भुरभुरतात. आरपार बोल्ट आणि मागून नट, हेच बरं.

जुना बोल्ट सोडवताना घाई नको. तेल सोडून एक रात्र ठेवा. नट तापवा, थंड होऊ द्या, मग पाना लावा. तरीही हलला नाही तर हॅकसॉ ब्लेडनं बोल्ट कापा. शेगडीवर हातोडा नाही. आणि सांध्यांत जुनी राखाडी-पांढरी दोरी किंवा पट्टी असेल तर ती खरवडू नका, झाडू नका. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती काढायचं काम त्यातल्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. नवी दोरी काचेच्या किंवा सिरॅमिक धाग्याची मिळते.

इंचांचा माणूस

उतारवयातही लक्ष्मणराव कामातून पूर्ण बाजूला झाले नाहीत. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

ते गेले त्याच वर्षी, डिसेंबरात, देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला. त्यांनी काढलेली रेखाचित्रं, त्यांच्या नांगरांची भोकं, त्यांचे बोल्ट, सगळं इंच, सूत आणि अष्टमांशात होतं. कायद्यानंतर बाजार हळूहळू मिलिमीटरवर गेला, पण त्याआधी ओतलेलं बीड अजून गावोगाव शिल्लक आहे. कुठं गोठ्यात नांगर, कुठं परड्यात चरक, कुठं अडगळीत शेगडी.

म्हणून दुकानात जाताना जुना बोल्ट टाकून देऊ नका, कितीही गंजलेला असला तरी. तारेच्या ब्रशनं त्याचे आटे साफ करा. पट्टी धरून एका इंचात किती आटे आहेत ते मोजा. तीन अष्टमांश इंच जाडीला १६ भरले तर तो व्हिटवर्थचा असण्याची शक्यता मोठी. ठाण्यात नाही मिळाला तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा, पण मागताना दहा नंबर म्हणू नका, तीन सुती म्हणा. तीन सूत म्हणजेच तीन अष्टमांश इंच. जुन्या दुकानदाराला लगेच कळतं. विकत घ्यायच्या आधी नट तिथंच हातानं शेवटपर्यंत फिरवून बघा.